पूना-३, चार सूत आणि बहात्तरचा दुष्काळ : जुन्या इंजिनाचं वय कसं ओळखायचं?

मेहकर किंवा चिखलीकडच्या एखाद्या वावरात, विहिरीच्या काठाला, पत्र्याच्या शेडमध्ये जुनं डिझेल इंजिन उभं दिसलं की मालकाला त्याचं वय विचारून बघा. उत्तर घराण्याच्या इतिहासातून येतं. "लय जुनं हाये. आज्यानं घेतेल हाये." आज्यानं कधी घेतलं? "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी."

ही तारीख हलक्यात घेऊ नका. अनेक जुन्या इंजिनांच्या पाटीवर नंबर असतो, घोड्यांची ताकद असते, फेरे असतात. साल मात्र नसतं. कारखान्याला नंबर पुरेसा होता, कारण साल त्याच्या वहीत होतं. ती वही आपल्या हाती नाही. मग दोन खुंट्या ठोकायच्या : इंजिन अमुक सालाच्या आधीचं असू शकत नाही, आणि तमुक सालानंतरचं असू शकत नाही. मधली दोरी जितकी आखूड, तितकं वय पक्कं. १९७२ ही त्यातली एक खुंटी आपल्याला आज्याच्या आठवणीनं फुकट दिली. बाकीच्या पितळी पाटीवर, बोल्टाच्या आट्यांवर, सातबाऱ्यावर आणि इंजिनाच्या ठोक्यांतही लपलेल्या असतात.

एकच गाव, चार राज्यं

बुलढाणा जिल्ह्यातल्या इंजिनांना एक वेगळंच भाग्य लाभलं आहे. हे पुण्या-साताऱ्याच्या इंजिनांना नाही.

इंजिन विकणारा दुकानदार बरेचदा आपली छोटी पत्र्याची पट्टी इंजिनावर ठोकायचा : दुकानाचं नाव, गाव, प्रांत. आता खामगावच्या पत्त्याचं बघा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, तेव्हा त्याचं सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९३६ मध्ये प्रांताचं नावच 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' झालं, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडचं 'शीपी अँड बेरार'. २६ जानेवारी १९५० ला तेच मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा मुंबई राज्यात. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

म्हणजे दुकान हललं नाही, दुकानदार हलला नाही, पण १९४९ ते १९६० या बारा वर्षांत त्याच्या पत्त्याखालचं राज्य तीनदा बदललं. पट्टीवर 'खामगाव, एम. पी.' असं असेल तर ती पट्टी १९५० ते १९५६ याच काळातली! सात वर्षांच्या आत वय सापडलं. 'बॉम्बे स्टेट' असेल तर आणखी नेमकं : १९५६ ते १९६०. असली चार वर्षांची फट मिळणं म्हणजे जुन्या यंत्रांच्या शोधात लॉटरी लागणं. (नुसतं 'बेरार' लिहिलेलं असेल तर मात्र जपून. हे नाव लोकांच्या जिभेवर आणि दुकानांच्या पाट्यांवर राज्य बदलल्यावरही रेंगाळलं.)

जिल्ह्याच्या नावाचं स्पेलिंगही बघावं. इंग्रजी गॅझेटियरांत 'ह' शिवायचं 'बुल्डाना' आहे.

घरात जुनी रेल्वेची बिल्टी जपून ठेवलेली असेल तर तीही काढा. वजनदार इंजिन मलकापूर, नांदुरा, शेगाव किंवा जलंब-खामगाव असं रेल्वेनंच यायचं. बिल्टीवर 'जी. आय. पी.' असेल तर माल ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा धरावा. त्या दिवशी जी. आय. पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली.

पिन कोड लावणारा वेळणेश्वरचा माणूस

आता कारखान्याच्या पत्त्याकडे या. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना पुण्यात खडकीला. जुन्या इंग्रजी पत्त्यात खडकीचं 'किर्की' आणि पुण्याचं 'पूना-३'. हा ३ म्हणजे शहरातला टपाल विभाग. १५ ऑगस्ट १९७२ ला देशभर सहा आकडी पिन कोड आला आणि खडकीचा पत्ता झाला ४११ ००३. शेवटचा तीन तसाच राहिला, फक्त त्याच्या आधी पाच आकड्यांची रांग लागली. म्हणून पाटीवर नुसतं 'पूना-३' असेल तर ती बहुधा १९७२ च्या आधीची, आणि ४११ ००३ असेल तर नक्की नंतरची. इंग्रजीतलं 'पूना' जाऊन अधिकृत 'पुणे' आलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीला, म्हणजे पिन कोडसह 'पूना' दिसलं तर फट आणखी आखूड.

हा पिन कोड बसवणारे अधिकारी मराठी होते : श्रीराम भिकाजी वेलणकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे, टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी पत्रं चुकू नयेत म्हणून केलेलं काम आज मेहकरच्या विहिरीवरच्या इंजिनाचं वय सांगतं, ही गोष्ट मला फार आवडते.

१९४६ च्या आधीचं 'किर्लोस्कर'?

"आमचं किर्लोस्कर इंजिन चाळीस सालचं आहे," असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका, पण पाटी वाचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये स्थापली. त्याआधी खडकीचं डिझेल इंजिन असूच शकत नाही.

मग आजोबा चुकले का? बहुधा नाही. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथून आधी लोखंडी नांगर निघाले, १९२० च्या दशकात पाण्याचे पंपही. म्हणजे १९४० चा पंप किर्लोस्करचा, आणि त्याला पट्टा लावून फिरवणारं इंजिन विलायती, असं चित्र अगदी शक्य आहे. घरच्यांच्या आठवणीत पुढं दोघांचं नाव एक झालं. वऱ्हाडात 'किर्लोस्कर' हा शब्द इंजिनाचा प्रतिशब्दच बनला, तेव्हा ही गल्लत समजण्यासारखी आहे. पंपाची आणि इंजिनाची पाटी वेगवेगळी वाचा, गाठ सुटते.

देशी इंजिनाचं मूळ त्याहून मागं शोधायचं तर साताऱ्याकडे जावं लागतं. धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला १९२२ मध्ये नांगरांचा कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात त्याच कारखान्यातून डिझेल इंजिनं बाहेर पडू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये साडेतीन महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. कारखाना पुढं वालचंद समूहाकडे गेला. बुलढाण्यात कुठं कूपरचं जुनं इंजिन सापडलं तर त्याला भंगारात घालण्याआधी दहादा विचार करावा.

पाटीवरचे 'आय. एस.' आकडे

हा खरा खजिना, आणि इथं कुणी फारसं बघत नाही.

भारतीय मानक संस्था १९४७ ची. तिच्या शिक्क्याचा कायदा १९५२ चा. इंजिनांसाठी आय. एस. १६०१ हे मानक १९६० मध्ये आलं. मग १९८१ मध्ये वीस किलोवॅटपर्यंतच्या सर्वसाधारण डिझेल इंजिनांसाठी आय. एस. १०००१. पुन्हा १९८५ मध्ये खास शेतीच्या इंजिनांसाठी आय. एस. १११७०. पाटीवर यातला कोणता आकडा कोरलाय ते बघितलं की खालची खुंटी पक्की बसते. १११७० लिहिलेलं इंजिन १९८५ च्या आधी जन्मलेलं नाही, मग ते कितीही गंजलेलं, काळवंडलेलं आणि पुरातन दिसो. गंज तर वापर थांबल्यापासून दोन पावसाळ्यांतही चढतो.

तसंच ताकदीचं. जुन्या पाटीवर 'बी. एच. पी.' म्हणजे घोडे, नव्या पाटीवर किलोवॅट. शेतावरचं सर्वात ओळखीचं पाच घोड्यांचं इंजिन नव्या पाटीवर ३.७ किलोवॅटचं होतं. असा ओबडधोबड आकडा मुद्दाम कुणी ठरवला नाही. पाच घोड्यांना ७४६ वॅटनं गुणलं की ३७३० वॅट येतात, एवढंच. घोडा गेला, पण त्याची टाप किलोवॅटमध्ये राहिली.

आणि डिझेलचा खप गॅलनमध्ये लिहिलाय की लिटरमध्ये? मेट्रिक मापं आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. पाटीवर गॅलन असतील तर इंजिन विलायती किंवा त्या आधीचं असण्याची शक्यता मोठी.

चार सुताचा बोल्ट खोटं बोलत नाही

पाटी चोरीला जाते, भंगारवाला पितळ म्हणून उखडतो, कधी दुसऱ्याच इंजिनावर जाऊन बसते. बोल्ट मात्र सहसा खरं सांगतात.

आपल्या मिस्त्रींची भाषा इथं कामाला येते. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. 'चार सुताचा बोल्ट' म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मेट्रिकमधला त्याचा शेजारी बारा मिलिमीटरचा. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक पटकन कळत नाही. आटे बघा. इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे आटे ५५ अंशांत कापलेले, अर्ध्या इंचाच्या बोल्टावर एका इंचात १२. मेट्रिक आटे ६० अंशांत, बारा मिलिमीटरच्या बोल्टावर दर पावणेदोन मिलिमीटरला एक. बारा मिलिमीटरचा बोल्ट चार सुताच्या भोकात डुगडुगतो आणि थोडे आटे गेल्यावर अडतो.

व्हिटवर्थ हे नाव जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराचं. १८४१ मध्ये त्यानं सगळ्या आट्यांना एकच माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. अख्ख्या इंजिनावर इंची आटे असतील, हेड, बेअरिंग, पाया सगळीकडे, तर आराखडा जुना इंग्रजी. फक्त एकदोन बोल्ट मेट्रिक असतील तर ते खामगाव-चिखलीच्या हार्डवेअरमधून कधीतरी घेतलेले. बोल्ट मोजताना बहुमत बघायचं असतं.

नोझलला डिझेल देणारा पंपही वाचण्यासारखा असतो. त्यावर 'मायको' असेल तर तो १९५१ नंतरचा, कारण बंगळूरची मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी त्याच वर्षी सुरू झाली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. 'सी. ए. व्ही.' असेल तर विलायती घराणं. अडचण इतकीच की पंप हा इंजिनाचा सर्वात आधी बदलला जाणारा भाग. नवा पंप जुन्या इंजिनाला तरुण दाखवतो, म्हणून पंपावरून खालची खुंटी कधी ठोकू नये.

नाव बदललं की साल कळतं

विलायती इंजिनं वऱ्हाडात आली ती जिनिंगसाठी, तेलघाण्यांसाठी, पिठाच्या गिरण्यांसाठी आणि पुढं विहिरींसाठी. त्यांच्या कंपन्या एकमेकींत मिसळत गेल्या, हे आपल्या फायद्याचं.

'रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स, ग्रँथम' एवढंच असेल तर १९१८ च्या आधीचं. त्या वर्षी ती लिंकनच्या रस्टनमध्ये विलीन झाली आणि पुढं 'रस्टन अँड हॉर्न्सबी' लिहिलं जाऊ लागलं. हॉर्न्सबीनं १८९२ पासून बनवलेली इंजिनं बघण्यासारखी असत : सुरू करण्याआधी डोक्यावरचा लोखंडी फुगा दिव्यानं लाल होईपर्यंत तापवायचा, मग चाक फिरवायचं. रुडॉल्फ डिझेलचं यशस्वी इंजिन आलं १८९७ मध्ये, जर्मनीत ऑग्सबर्गला. नुसत्या दाबानं तेल पेटवण्याची त्याची युक्ती छोट्या इंजिनांत सर्रास यायला आणखी तीस-पस्तीस वर्षं गेली. म्हणून तर डर्सलीच्या लिस्टर कंपनीनं १९३० च्या आसपास आणलेल्या इंजिनाचं नावच 'कोल्ड स्टार्ट' ठेवलं. थंडीतही दिवा न लावता, हँडल मारून सुरू होणं ही तेव्हा जाहिरातीत छापण्याची गोष्ट होती!

'पेटर, योव्हिल' लिहिलेलं असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं; युद्धाच्या तोंडावर पेटरचं इंजिनाचं काम लफबरोला गेलं. 'लिस्टर-पेटर' असं जोडनाव दिसलं तर १९८६ नंतरचं.

पेटरची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. विहिरीवरची आणि गिरणीतली इंजिनं करणाऱ्या याच पेटर मंडळींनी पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, योव्हिललाच विमानाचा कारखाना काढला. त्याचं नाव वेस्टलँड. १ एप्रिल १९३३ ला भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तिची पहिली विमानं वेस्टलँड वापिटी. आपल्या हवाई दलाचं पहिलं विमान आणि वावरातलं फटफटणारं इंजिन असे एकाच घराण्यातले निघाले.

आणि पेटर ए. व्ही. १ ची मापं बघा : ८० मिलिमीटर रुंद सिलिंडर, ११० मिलिमीटर दट्ट्याची हालचाल, पाच घोडे, १५०० फेरे. किर्लोस्कर ए. व्ही. १ चीही हीच. नाव तेच, माप तेच. देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत करंज, मोगली एरंड असल्या तेलांवरचे प्रयोग याच इंजिनावर नाहीतर त्याच्या टी. व्ही. १ या भावंडावर झाले. तेलाचा हा नाद नवा नाही. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या मुलांनी सुट्टीत गावोगावच्या जुन्या इंजिनांच्या पाट्यांचे फोटो काढून नोंद केली तर किती मोठं काम होईल, असं मला मनापासून वाटतं.

कान लावा, ठोके मोजा

पाटी नाही, बोल्ट बदललेले, रंगाचे पाच थर. इंजिन चालू आहे ना? मग दहा सेकंद ठोके मोजा.

चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं. लिस्टरचं ६/१ म्हणजे सहा घोडे, एक सिलिंडर. मिनिटाला ६५० फेरे, म्हणजे ३२५ ठोके. दहा सेकंदांत चोपन्न. सावकाश, जड, मोजता येतील असे. ए. व्ही. १ चे फेरे १५००, म्हणजे मिनिटाला ७५० ठोके. दहा सेकंदांत सव्वाशे. ते कानाला मोजता येत नाहीत, एकसलग थरथर ऐकू येते.

दोन्हींची ताकद जवळपास सारखी, पण लिस्टरचा सिलिंडर १४३३ घन सेंटिमीटरचा आणि ए. व्ही. १ चा फक्त ५५३. जुन्या आराखड्यानं मोठं पोट आणि सावकाश चाल ठेवली; पुढच्यांनी पोट लहान केलं आणि चाल वाढवली. म्हणून दोन मोठी जड चाकं, सावकाश ठोका, पट्ट्यावर फिरणारा पंप असं दिसलं तर आराखडा १९३० च्या जमान्यातला.

आराखडा म्हटलं, इंजिन म्हटलं नाही. त्याला कारण आहे.

राजकोटचा चकवा

लिस्टरचं हे इंजिन इतकं साधं, इतकं टिकाऊ की गुजरातेत राजकोटला अनेक ओतशाळांनी त्याच नमुन्याची इंजिनं ओतायला सुरुवात केली. इंग्लंडमधलं मूळ उत्पादन १९८७ मध्ये बंद झालं. राजकोटचं चालूच राहिलं. विजेच्या तारेपासून दूर राहणाऱ्या अमेरिकनांनी ती मागवायला सुरुवात केली आणि त्यांना 'लिस्टरॉइड' असं नाव दिलं. पुढं तिथल्या धुराच्या नियमांनी ती आयात अडवली.

तेव्हा विहिरीवरचं दोन जड चाकांचं, हिरव्या रंगाचं, सावकाश ठोक्याचं इंजिन १९३८ चंही असू शकतं आणि १९९८ चंही. रूपावरून वय ठरवणारा इथं हमखास फसतो. ओतकाम तपासा : इंग्रजी ओतकामाची कड सहसा स्वच्छ, अक्षरं ठसठशीत. गावाचं नाव बघा. आणि 'लिस्टर' च्या पुढं बारीक अक्षरांत 'टाइप' हा शब्द आहे का ते बघा. त्या एका शब्दात साठ वर्षांचा फरक असू शकतो.

अक्षरं पुसट असतील तर गिरणीतलंच चिमूटभर पीठ घ्या आणि ओतीव अक्षरांवर बोटानं चोळा. खोलगट भागात पीठ बसतं, नंबर उमटतो. पितळी पाटीला ग्राइंडर, काचकागद, तारेचा ब्रश काहीही लावू नका. रॉकेलचा बोळा पुरे. हातोडीनं ठोकलेले आकडे उथळ असतात. एकदा घासले गेले की इंजिनाचं नाव कायमचं गेलं.

लोणारचं सरोवर आणि वयाचा घोळ

वय ठरवताना पद्धत बदलली की उत्तर बदलतं, याचा सर्वात मोठा दाखला याच जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर, बेसाल्टच्या खडकात उल्केनं पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तापवल्यावर खनिजातून निघणारा उजेड मोजून त्याचं वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. पुढं २०१० च्या सुमारास आघातानं वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू मोजला, तर उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. अकरा पट फरक! खडक तोच, जागा तीच.

इंजिनाचंही तसंच. पाटीचं वय एक, पंपाचं दुसरं, क्रँकचं तिसरं. ब्लॉक बदलणं सर्वात अवघड आणि महाग, म्हणून ब्लॉकचं ओतकाम हेच इंजिनाचं खरं वय धरावं. बाकीचे त्याचे पाहुणे.

खामगावची वाफ

डिझेलच्या आधी इथं वाफ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ४ मार्च १८७० ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव ही तेराएक किलोमीटरची रेल्वे त्यांनी सुरू केली. केवळ कापसासाठी! जुन्या जीनमध्ये कुठं बॉयलरचा सांगाडा उरला असेल तर त्याच्या अंगावर नोंदणीचा नंबर कोरलेला शोधा. १९२३ च्या बॉयलर कायद्यानं प्रत्येक बॉयलरला सरकारी नंबर कोरणं बंधनकारक झालं. इंजिनाला सरकारनं कधी असा नंबर दिला नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सातबाऱ्यातलं इंजिन

शेवटचा पुरावा लोखंडात नाही, कागदात आहे, आणि माझ्या मते सर्वात भरवशाचा. विहीर आणि इंजिन कर्जानं घेतलेलं असेल, भूविकास बँकेचं, सोसायटीचं किंवा १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर एखाद्या मोठ्या बँकेचं, तर त्याचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात चढलेला असतो. बोजाला फेरफार क्रमांक असतो. फेरफाराला तारीख असते. तलाठ्याकडून जुन्या फेरफाराची नक्कल काढली की आज्याच्या आठवणीला सरकारी शिक्का मिळतो.

आता सगळं एकत्र करून बघू. समजा देऊळगाव राजाकडे एक इंजिन आहे. पाटीवर 'पूना-३', पिन कोड नाही. ताकद पाच घोडे. आय. एस. १६०१. शेजारी दुकानदाराची पट्टी : 'खामगाव, महाराष्ट्र'. पंप मायकोचा. घरचे सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात याच इंजिनानं तळ गाठलेली विहीर रात्रभर उपसली. मानकावरून १९६० च्या आधीचं नाही. पट्टीवरून १ मे १९६० च्या आधी विकलेलं नाही. पिन कोड नाही आणि दुष्काळाची आठवण आहे, म्हणून १९७२ च्या नंतरचं नाही. खुंट्यांमध्ये बारा वर्षं उरली. मग तलाठ्याच्या दप्तरातून पिवळी पडलेली नक्कल येते, 'विहीर व ऑइल इंजिन' एवढंच तीन-चार शब्दांत, आणि समोर तारीख. बोट ठेवायचं आणि वाचायचं.